लोकी की ओपनसर्च? लॉग बघण्याच्या फुकट डॅशबोर्डांचं इंदुरी परीक्षण

लॉग म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्याची ओळीओळीने आपोआप होणारी नोंद. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच. दोन-चार सर्व्हर, ते सांभाळणारा एकच माणूस आणि लॉगसाठी ८ जीबी रॅमचं एक मशीन एवढीच पुंजी असेल, तर ग्राफाना आणि लोकी घ्या: लोकी लॉग साठवतो, ग्राफाना ते पडद्यावर दाखवतं. लॉगमध्ये शोधाशोध करणारी मंडळी ग्राहकांचे फोन घेणारी असतील आणि ऑर्डर नंबर टाकून त्यांना उत्तर हवं असेल, तर ओपनसर्च हे शोधाचं इंजिन आणि त्याचा पडदा, ओपनसर्च डॅशबोर्ड्स, घ्या, पण मशीन १६ जीबीचं ठेवा. आणि कालच्या दिवसात साइटवर किती जण आले, कुठल्या पानावर ४०४ (पान सापडत नाही) येतंय, एवढंच बघायचं असेल तर दोन्ही मोह आवरा. गोअ‍ॅक्सेस दहा मिनिटांत लागतं आणि पुरतं.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांना हे परीक्षण उपयोगाचं नाही, त्यांच्याकडे यासाठी वेगळी टीम असते. आपण नजरेसमोर ठेवू ते एक साधं दुकान. राजवाड्याच्या आसपास पेढी, शेव-नमकीनच्या ऑर्डरी ऑनलाइन, माल पुण्या-मुंबईपर्यंत जातो. दोन वेब सर्व्हर, एक डेटाबेस, पुढे विनंत्या झेलणारा एनजिनएक्स, मागे पीएचपीत लिहिलेली साइट, आणि पैसे घ्यायला तिऱ्हाइताची पेमेंट सेवा. दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला १० लाख ओळींचा लॉग धरा. एक ओळ साधारण ३०० बाइटची, म्हणजे रोज ३०० एमबी. तो १८० दिवस ठेवायचा तर ५४ जीबी.

१८० हा आकडा हवेतला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग सलग १८० दिवस सांभाळायला सांगितलं आहे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली असावीत, हेही त्यातच आहे. डॅशबोर्ड निवडण्याआधी हा हिशेब कागदावर मांडला नाही, तर तिसऱ्या महिन्यात डिस्क भरते आणि मग घाईघाईत जुनं पुसावं लागतं.

दोघांचं माहेर एकच

ग्राफाना २०१४ मध्ये किबाना ३ या इलॅस्टिक कंपनीच्या डॅशबोर्डवरून फुटून निघालं. ओपनसर्च डॅशबोर्ड्स २०२१ मध्ये किबाना ७.१० वरून निघालं, कारण इलॅस्टिकने त्याच्या पुढच्या आवृत्तीपासून परवाना बदलला. त्यामुळे दोन्हीकडे वर वेळेचा डबा, मध्ये स्तंभालेख आणि खाली ओळी, अशीच मांडणी दिसते. एकावर हात बसला की दुसरं परकं वाटत नाही.

परवान्यांचं थोडक्यात उरकतो. ग्राफाना आणि लोकी २०२१ पासून एजीपीएल ३ खाली आहेत. ओपनसर्च अपाची २.० खाली आहे आणि २०२४ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. इलॅस्टिकनेही २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय परत दिला. ग्रेलॉग हे याच जातीचं आणखी एक साधन मात्र ४.० पासून एसएसपीएलवर आहे, त्याला काटेकोर अर्थाने ओपन सोर्स म्हणता येत नाही. स्वतःच्या दुकानाचे लॉग बघण्यापुरता यातला कुठलाच परवाना आड येत नाही. हेच सॉफ्टवेअर बदलून गिऱ्हाइकांना सेवा म्हणून विकायचं असेल, तर मात्र बारीक अक्षरं वाचा.

लोकी: नाव दुधीचं, स्वभाव कंजूस

आपल्याकडे नाव ऐकून कोणी लौकी, म्हणजे दुधीची भाजीच समजेल, पण हे लोकी नॉर्स पुराणातलं. २०१८ च्या डिसेंबरात आलं. त्याची मूळ कल्पना एका वाक्यात मावते: ओळीतल्या प्रत्येक शब्दाचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) करायचा नाही, फक्त ओळीला लावलेल्या लेबलांचा करायचा. ओळी दाबून गठ्ठ्यात ठेवायच्या आणि शोधताना तो गठ्ठा उलगडून चाळायचा. वेब सर्व्हरचे लॉग एकसुरी असल्याने दाबल्यावर मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतात, म्हणजे आपले ५४ जीबी काही थोड्या जीबींत बसतात. ओपनसर्चमध्ये तोच माल मूळ आकाराइतकी किंवा थोडी जास्त जागा घेतो, आणि रेप्लिका (जादा प्रत) ठेवली तर दुप्पट. स्वस्तपणाचं इंगित एवढंच, आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते तेही यातच आलं.

लेबल कशाला लावायचं, हा लोकीतला सगळ्यात महागडा प्रश्न आहे. लेबलांच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीला लोकी वेगळा प्रवाह धरतो. तीन सेवा, दोन सर्व्हर, पाच लॉग-पातळ्या, झाले ३० प्रवाह. मशीनला काही वाटतही नाही. आता कोणी हौसेने ग्राहकाचा मोबाइल नंबर लेबल म्हणून लावला आणि ८,००० ग्राहक असले, तर ३० चे २,४०,००० होतात. एकेका प्रवाहात जेमतेम दोन-चार ओळी, प्रत्येकाचा वेगळा इवलासा गठ्ठा, रॅम फुगते आणि शोध रांगायला लागतो. लोकीची मुभा मुळात ५,००० प्रवाहांची आहे. ती ओलांडली की नव्या ओळी नाकारल्या जातात आणि वसुली एजंटाच्या, म्हणजे सर्व्हरवरून लॉग गोळा करून पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये ४२९ (फार विनंत्या झाल्या) दिसायला लागतो. नेटवर उपाय मिळतो तो मर्यादा वाढवण्याचा. तो करू नका. लेबलं काढा.

लेबल कुठली? सेवा, सर्व्हर, वातावरण, लॉग-पातळी. बस. ऑर्डर नंबर, आयपी, मोबाइल, सेशन हे सगळं ओळीतच राहू द्या किंवा स्ट्रक्चर्ड मेटाडेटामध्ये (ओळीसोबत जाणारी पण लेबल न होणारी माहिती) टाका. त्यासाठी स्कीमाची (लोकीच्या साठवणीच्या आराखड्याची) व्ही १३ आवृत्ती आणि टीएसडीबी प्रकारचा इंडेक्स लागतो, लोकी ३.० पासून नवी मांडणी करणाऱ्यांना तो तसाच मिळतो, जुन्यांनी मात्र स्कीमाच्या यादीत पुढच्या तारखेची नवी नोंद घालायची. मागची तारीख घातली तर आधीचा माल वाचता येत नाही, हे लक्षात ठेवा.

मांडणी डॉकर कंपोजने तीन डब्यांची (कंटेनरची): लोकी ३१०० पोर्टवर, ग्राफाना ३००० वर, आणि लॉग उचलून आणणारा अ‍ॅलॉय. जुन्या लेखांत त्याच कामाचा प्रॉमटेल अजून सापडेल. तो २०२५ मध्ये निवृत्तीच्या वाटेला लागला, नव्याने त्याच्या नादी लागू नका. मांडताना अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. ग्राफानात डेटा सोर्सचा पत्ता देताना लोक लोकलहोस्ट लिहितात. डब्याच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तोच डबा, त्यामुळे तिथे लोकीच्या डब्याचं नाव द्यायचं. उबुंटूवर एनजिनएक्सच्या लॉग फाइली एडीएम गटाला वाचता येतात, इतरांना नाही. अ‍ॅलॉय थेट मशीनवर बसवलात तर त्याच्या युजरला त्या गटात घाला. नाहीतर सगळं हिरवं दिसतं आणि ओळ मात्र एकही येत नाही. तिसरं, फाइल कुठपर्यंत वाचली याची खूण अ‍ॅलॉय आपल्या डेटा फोल्डरमध्ये ठेवतो. ते फोल्डर डब्याबाहेर व्हॉल्यूमवर नसेल तर डबा नवा केला की खूण पुसली जाते आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली जाते.

जुना लॉग आपोआप पुसला जातो हा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. लोकी मुळात काहीच पुसत नाही. कॉम्पॅक्टर या त्याच्या भागात रिटेन्शन (मुदतीनंतर पुसणं) चालू करावं लागतं, मुदत तासांत द्यायची (१८० दिवस म्हणजे ४,३२० तास), आणि ३.० पासून पुसण्याच्या विनंत्या कुठल्या साठ्यात ठेवायच्या तेही सांगावं लागतं, नाहीतर लोकी उठतच नाही.

एक्सप्लोर, हेच खरं दुकान

ग्राफाना म्हटलं की लोकांना रंगीत पॅनल आठवतात. लॉगच्या कामात नव्वद टक्के वेळ जातो तो एक्सप्लोर पानावर. इथे प्रश्न बांधायचा क्रम महत्त्वाचा: आधी महिरपी कंसात लेबल, मग ओळीतला शब्द, मग जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) उलगडणं, मग उलगडलेल्या रकान्यावर अट. उदाहरणार्थ, सेवा वेब, ओळीत ‘चेकआउट’ हवा, जेसन उलगड, स्टेटस ५०० किंवा त्याहून मोठा (म्हणजे सर्व्हरची चूक). शब्दाची चाळणी जेसनच्या आधीच लावायची, कारण शब्द शोधणं स्वस्त आणि जेसन उलगडणं महाग. क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येतं, पण दिवाळीच्या आठवड्याचा लॉग चाळताना चहा संपून जातो.

एनजिनएक्सचा नेहमीचा कंबाइन्ड साचा जसाच्या तसा वापरत असाल तर थोडं थांबा. त्यात विनंतीला किती वेळ लागला हे नसतंच. लॉगचा साचा जेसनचा करा, एस्केप जेसन असा पर्याय द्या, आणि रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) व अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या पीएचपीने घेतलेला वेळ) हे दोन रकाने घाला. वेळ सेकंदांत येते, मिलिसेकंदांपर्यंत. मग ९५ टक्के ग्राहकांना पान किती वेळात मिळालं, याचा आलेख काढता येतो. इथेच एक खड्डा आहे. अपस्ट्रीम वेळेच्या रकान्यात कधी नुसती रेघ येते, आणि एनजिनएक्सने दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा विचारणा केली असेल तर स्वल्पविरामाने दोन आकडे येतात. लोकीला त्याचा आकडा करता येत नाही आणि अख्खा आलेख त्रुटी दाखवून बंद पडतो. आकडा काढल्यानंतर ‘एरर रिकामा असलेल्याच ओळी’ ही अट जोडली की आलेख परत येतो. पण गाळलेल्या ओळी किती, तेही एकदा मोजून बघा, कारण अडकलेल्या विनंत्या नेमक्या त्याच असू शकतात.

एक्सप्लोरमधली दोन बटणं कमी वापरली जातात. एक म्हणजे स्प्लिट: डावीकडे वेबचा लॉग, उजवीकडे पेमेंटचा, आणि वेळ एकमेकांना बांधलेली. पैसे कापले पण ऑर्डर आली नाही, असा फोन आला की याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. दुसरं, ओळीवरचं ‘शो कॉन्टेक्स्ट’, जे त्या ओळीच्या मागच्या-पुढच्या ओळी कुठलीही चाळणी न लावता दाखवतं. बरेचदा दोषाचं कारण ‘एरर’ शब्द नसलेल्या, आधीच्या ओळीत दडलेलं असतं. ज्यांना प्रश्न लिहिणं नकोसं वाटतं त्यांच्यासाठी लॉग्ज ड्रिलडाउन आहे, सगळं टिचकीवर. त्यातला पॅटर्नचा टॅब रिकामा दिसला तर घाबरू नका, लोकीमध्ये पॅटर्न इंजेस्टर वेगळा चालू करावा लागतो.

एक्सप्लोर एका वेळी १,००० ओळीच दाखवतं. हा आकडा वाढवून हजारो ओळी डोळ्यांखालून घालण्यापेक्षा प्रश्न अरुंद करा.

डॅशबोर्डाबद्दल मत रोखठोक सांगायचं तर चार पॅनल पुरतात: मिनिटाला किती विनंत्या, त्यात ५०० च्या घरातल्या किती, ९५ टक्क्यांची वेळ, आणि खाली ताज्या चुकांच्या ओळी. चाळीस पॅनलचा डॅशबोर्ड म्हणजे रंगपंचमीची गेर (मिरवणूक), बघायला मजा, पण त्यात हरवलेलं माणूस शोधून दाखवा. पॅनल बनवताना ‘दर ५ मिनिटांचा’ असा कालखंड ठोकून बसवू नका. एका दिवसाच्या आलेखाला तो ठीक असतो. महिनाभराचा आलेख काढला की दोन बिंदूंमधलं अंतर ५ मिनिटांहून मोठं होतं आणि मधले उंचवटे चक्क गायब होतात. तिथे ग्राफानाचा ऑटो हा चल वापरा.

अलर्टबाबत एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ‘५ मिनिटांत १० पेक्षा जास्त पेमेंट फेल’ असा नियम केला. सगळं सुरळीत असताना अशी एकही ओळ नसते. अशा वेळी लोकी शून्य देत नाही, काहीच देत नाही. ग्राफाना त्याला ‘नो डेटा’ समजतं आणि त्याचाच अलर्ट पाठवतं. म्हणजे दुकान उत्तम चाललेलं असताना रात्री दोनला फोन वाजतो. नियमाच्या खाली ‘नो डेटा असेल तर’ हा पर्याय नॉर्मल करा, किंवा प्रश्नाच्या शेवटी ‘नाहीतर शून्य’ असा व्हेक्टर जोडा. पहिला उपाय सोपा. पण लॉग येणंच बंद झालं तर कळावं म्हणून ‘१० मिनिटांत एकही ओळ नाही’ असा वेगळा नियम हवा, आणि त्यात मात्र नो डेटा म्हणजे धोकाच.

साडेपाच तासांचं भूत

दोन्ही साधनांत सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक वेळेची आहे, आणि तिची सही ओळखीची: गोष्टी नेमक्या साडेपाच तासांनी सरकलेल्या. एनजिनएक्स आपल्या वेळेपुढे +०५३० लिहितो, त्याचा त्रास नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा एरर लॉग यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत) असतो आणि शेवटी झेड लावून तसं सांगतोही. घोळ घालतो तो अ‍ॅप्लिकेशनचा स्वतःचा लॉग. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कची नेहमीची ओळ चौकटी कंसात तारीख आणि वेळ देते, पण कुठल्या टाइमझोनची ते लिहीत नाही. सेटिंग मुळात यूटीसीचं, ते कोणीतरी बदलून एशिया-कोलकाता केलेलं असतं, आणि वसुली एजंट मात्र वेळ यूटीसी समजून वाचतो.

मग काय होतं? सकाळी ११ ची ओळ संध्याकाळी साडेचारची म्हणून नोंदली जाते. ओपनसर्च ती मुकाट्याने ठेवून घेतं. ‘शेवटची १५ मिनिटं’ लावून बसलेल्याला ती दिसत नाही, आणि साडेचारला अचानक उगवते. लोकी इतका सोशिक नाही. १० मिनिटांहून पुढची वेळ तो नाकारतो आणि ‘टाइमस्टॅम्प फार पुढचा’ अशी तक्रार एजंटाच्या लॉगमध्ये टाकतो. उलटा प्रकार, म्हणजे यूटीसीची वेळ भारतीय समजणं, केला तर ओळी साडेपाच तास मागे जातात. एकाच प्रवाहात अर्ध्या ओळी बरोबर आणि अर्ध्या मागच्या असतील, तर लोकी मागच्या ओळी ‘फार मागे’ म्हणून टाकून देतो. सरळ उपाय असा की अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगच्या साच्यातच टाइमझोनचा ऑफसेट लिहा. ते जमत नसेल तर एजंटाच्या वेळ वाचण्याच्या टप्प्यात लोकेशन एशिया-कोलकाता द्या.

याच भुताचं एक निरुपद्रवी रूप: तारखेनुसार इंडेक्स पाडणारी साधनं सहसा यूटीसीची तारीख धरतात. म्हणून ‘आजचा’ इंडेक्स पहाटे साडेपाचला जन्मतो. रात्री बारा ते साडेपाचच्या ओळी कालच्या इंडेक्समध्ये असतात. हरवलेल्या नसतात. पण एका दिवसाचा इंडेक्स पुसताना हे विसरलात, तर चुकीच्या रात्रीचा लॉग जातो.

ओपनसर्च डॅशबोर्ड्स: भूक मोठी, हात उदार

हे प्रत्येक शब्दाचा इंडेक्स करतं, म्हणून ऑर्डर नंबर टाकताक्षणी सहा महिन्यांतली ओळ समोर येते. लोकीत तोच शोध सहा महिन्यांचे गठ्ठे उलगडत बसतो. फोनवर ग्राहक थांबलेला असताना हा फरक निर्णायक ठरतो. किंमत रॅममध्ये. जावाच्या हीपला (प्रोग्रामच्या राखीव रॅमला) मशीनची निम्मी रॅम द्यायची, बाकीची फाइल कॅशसाठी मोकळी सोडायची. हीपचं मूळ सेटिंग १ जीबीचं आहे, आपल्या दुकानाला ते तोकडं. लिनक्समध्ये मॅक्स मॅप काउंट २,६२,१४४ करावा लागतो. २.१२ पासून पहिला अ‍ॅडमिन पासवर्ड आधीच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावा लागतो, तोही भक्कम, नाहीतर डबा सुरू होऊन लगेच पडतो. आणि ९२०० पोर्टवर एचटीटीपीएसच लागतं. साध्या एचटीटीपीने विचारलंत तर रिकामं उत्तर येतं आणि लोक फायरवॉल तपासत बसतात. फ्लुएंट बिट या एजंटाने लॉग पाठवत असाल तर ‘सप्रेस टाइप नेम’ ऑन करा, ओपनसर्च २ पासून टाइप ही भानगडच काढून टाकली आहे.

५६०१ पोर्टवर डॅशबोर्ड उघडलं की आधी इंडेक्स पॅटर्न बनवायचा: नावाच्या शेवटी तारका, वेळेचा रकाना निवडा, झालं. मग डिस्कव्हर. ‘काहीच सापडलं नाही’ असं आलं तर वरचा वेळेचा डबा बघा, तो मुळात १५ मिनिटांवर असतो. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच असतो, नवव्या-दहाव्या वेळेला साडेपाच तासांचा.

डिस्कव्हरच्या डाव्या यादीत एखाद्या रकान्यावर टिचकी मारली की पहिली पाच मूल्यं टक्केवारीसह येतात. बघायला झकास, पण ही टक्केवारी सगळ्या ओळींची नसते, पडद्यावर आणलेल्या ५०० ओळींची असते. ‘७० टक्के चुका एकाच शहरातून’ असं मालकाला सांगण्याआधी व्हिज्युअलाइझमध्ये जाऊन टर्म्सची बेरीज काढा. तिथे रकाना निवडताना नावापुढे कीवर्ड असलेलाच घ्या, मजकूर प्रकारच्या रकान्यावर गट पाडता येत नाहीत. कीवर्डमध्ये मुळात २५६ अक्षरांपेक्षा लांब मूल्य धरलं जात नाही, त्यामुळे लांबलचक यूआरएल बेरजेतून निसटतात.

रकान्यांचे प्रकार हा ओपनसर्चचा लेबल-प्रश्न. ‘पिनकोड’ रकान्यात पहिली ओळ आकड्याची आली, की तो आकड्याचा रकाना ठरला. नंतर कोणी तिथे ‘माहीत नाही’ असं पाठवलं तर ती अख्खी ओळ नाकारली जाते, नुसता रकाना नाही. आधीच टेम्पलेट लिहून महत्त्वाच्या रकान्यांचे प्रकार पक्के करा. एका इंडेक्सला १,००० रकान्यांची मर्यादा आहे. ग्राहकाचा नंबर हेच रकान्याचं नाव असलेलं जेसन पाठवलंत तर ती दुपारपर्यंत भरते.

डिस्कची वागणूक ठरलेली आहे: ८५ टक्क्यांना नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) घेणं बंद, ९० ला असलेले हलवायला सुरुवात, ९५ ला इंडेक्स फक्त वाचनापुरते. एकाच मशीनवर हलवायला जागाच नसते, म्हणजे थेट ९५ चाच दणका. जुने इंडेक्स पुसून जागा झाली की कुलूप आपसूक निघतं. एकट्या मशीनवर क्लस्टर कायम पिवळं दिसेल, कारण रेप्लिका ठेवायला दुसरं मशीन नाही. रेप्लिका शून्य करा, हिरवं होईल. १८० दिवसांनी पुसण्यासाठी इंडेक्स स्टेट मॅनेजमेंटची पॉलिसी लिहिता येते, पण ती आधीच बनलेल्या इंडेक्सना आपोआप चिकटत नाही, हाताने लावावी लागते. लावल्यावर लगेच काही घडलं नाही तर पुन्हा पुन्हा लावू नका, तिचा फेरा ५ मिनिटांनी होतो. रोजच्या ३०० एमबीसाठी रोज नवा इंडेक्स पाडणं मात्र उधळपट्टी आहे. शार्ड १० ते ५० जीबीचा असावा असं मानतात, आपल्या दुकानाला महिन्याला एक इंडेक्स खूप झाला.

इंदूर आणि इंदौर

आपल्या गावाला हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त लागू पडतो. पत्ते देवनागरीत येतात. पीएचपीचं जेसन एन्कोड मुळात देवनागरी अक्षरं यू-क्रमांकांत बदलून लिहितं, पायथनही तेच करतं. लोकीची शब्दाची चाळणी कच्च्या ओळीवर चालते, त्यामुळे ‘राजवाडा’ शोधलं की शून्य ओळी, आणि ऑर्डर तर समोर आलेली. लॉग लिहितानाच पीएचपीत अनएस्केप्ड युनिकोडचा झेंडा लावा, पायथनमध्ये एन्शुअर आस्की बंद करा. ओपनसर्च जेसन उलगडूनच साठवतं म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही, त्याच्या पारड्यात हा एक गुण.

पुढची पायरी दोघांनाही सुटत नाही. मराठी घरचा ग्राहक ‘इंदूर’ लिहितो, हिंदी घरचा ‘इंदौर’. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये उभ्या रेघेने दोन्ही द्यावे लागतात. आणि ‘कचौड़ी’ मधला ड़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ड आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे, लोकीच्या चाळणीला वेगळे. एका कीबोर्डवरून आलेल्या ऑर्डरी सापडतात आणि दुसऱ्यावरून आलेल्या नाहीत, तेव्हा संशय इथे घ्या. लॉगमध्ये घालण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण साच्यात आणला की दोन्ही एक होतात.

बाकीचे, धावत

गोअ‍ॅक्सेस एमआयटी परवान्याचं, टर्मिनलमध्येच चालतं, एचटीएमएल अहवालही देतं. फाइल द्या, साचा कंबाइन्ड सांगा. अ‍ॅप्लिकेशनच्या चुका शोधायचं काम त्याचं नाही. व्हिक्टोरियालॉग्ज अपाची २.० खाली, एकच फाइल, ९४२८ पोर्ट, मोबाइल नंबरसारख्या रकान्यांनी घाबरत नाही. लोकीच्या लेबलांनी ज्यांचं डोकं उठलं आहे त्यांनी जरूर बघावं, फक्त रिटेन्शन मुळात ७ दिवसांचं आहे, पहिल्याच दिवशी बदला. ग्रेलॉगला सोबत मोंगोडीबी आणि शोधाचं इंजिन दोन्ही लागतात. नेटवर्कच्या सिसलॉगसाठी ते चांगलं, आपल्या दुकानाला जड.

कुलूप. लोकीला स्वतःचा लॉगिन नाही. सेटिंगमधलं ‘ऑथ एनेबल्ड’ हे फक्त टेनंटचं (लॉग ज्याचा त्या खातेदाराचं) नाव हेडरमध्ये मागतं, पासवर्ड तपासत नाही. ३१०० आणि ९२०० बाहेरच्या जगाला दिसू देऊ नका, पुढे एनजिनएक्स ठेवा. तसं केल्यावर ग्राफानातलं लाइव्ह टेल बंद पडलं तर वेबसॉकेटचे अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे ढकलले आहेत का ते बघा. ओपनसर्चसोबत येणारी डेमो सर्टिफिकेटं सगळ्या जगाकडे सारखीच आहेत, ती बदला. ग्राहकांचे मोबाइल नंबर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, तेव्हा मधले सहा आकडे अ‍ॅलॉयच्या रिप्लेस टप्प्यातच फुल्या करून टाका. नंतर लोकीमध्ये साठलेल्या गठ्ठ्यातून ते बदलता येत नाहीत, ओळच्या ओळ पुसावी लागते.